एक ‘ग्नोम’, दहा भाषा: मोफत ऑनलाइन कोशांची पारख

जी-एन-ओ-एम-आय. एखाद्या मजकुरात ही पाच अक्षरं समोर आली, तर ती कोणत्या भाषेतली आहेत हे नुसतं बघून सांगता येत नाही. इटालियनमध्ये हे ‘ग्नोम’ या शब्दाचं अनेकवचन आणि उच्चार ‘न्योमी’. इदो या रचित, म्हणजे मुद्दाम बनवलेल्या, भाषेतही अनेकवचनच, पण उच्चार ‘ग्नोमी’. रोमानियनमध्येही अनेकवचन, मात्र तिथे शेवटचा ‘इ’ जेमतेम ऐकू येतो, ओठ मिटता मिटता ‘म’ थोडा मऊ होतो इतकंच. आणि जिथून हा शब्द निघाला त्या पॅरासेल्सस या सोळाव्या शतकातल्या वैद्याच्या लिखाणातलं लॅटिन अनेकवचनही हेच. लेखन एक, भाषा चार, उच्चार किमान तीन.

कोश पारखायला असाच शब्द हवा. ‘पाणी’, ‘घर’, ‘आई’ यांवर कुठलाच कोश नापास होत नाही. ग्नोम म्हणजे जमिनीच्या पोटात राहणारा, खाणी आणि पुरलेलं धन राखणारा बुटका जीव. हा शब्द सगळ्या रोमान्स, म्हणजे लॅटिनपासून निघालेल्या, भाषांत जवळजवळ एकाच रूपात गेला, पण उच्चार, आर्टिकल, अनेकवचन आणि अर्थाची हद्द मात्र जिथली तिथली राहिली. त्यामुळे कोश नुसतं स्पेलिंग देतो की भाषा देतो, हे या एका शब्दावर लगेच कळतं. फ्रेंच-स्पॅनिश शिकणारे, मुलांच्या गोष्टींचे अनुवाद करणारे, उपशीर्षकं लिहिणारे आणि एस्पेरान्तो या रचित भाषेच्या वाटेला गेलेले, या सगळ्यांना उपयोगी पडणारे मोफत ऑनलाइन कोश इथे याच कसोटीवर घासून पाहिले आहेत.

आधी शब्दाची कुळकथा, कारण कोशाचा खरेपणा तिच्यावरच जोखायचा आहे. पॅरासेल्सस हा स्विस वैद्य १५४१ मध्ये वारला. पंचवीस वर्षांनी, १५६६ मध्ये, त्याचा भूतयोनींवरचा ग्रंथ छापला गेला. त्यात चार तत्त्वांचे चार रहिवासी आहेत: पाण्यात अप्सरा, हवेत सिल्फ, आगीत सॅलमँडर आणि जमिनीत पिग्मी, ज्यांना त्याने ग्नोम असंही म्हटलं. हा शब्द त्याने कशावरून घडवला हे त्याने सांगितलेलं नाही. एक तर्क असा की ‘भूमीत राहणारा’ या अर्थाचं ‘गेनोमोस’ असं ग्रीक रूप त्याच्या मनात असावं. समुद्रात राहणाऱ्याला ग्रीकमध्ये ‘थालासोनोमोस’ म्हणतात, त्या साच्यावर. पण ‘गेनोमोस’ कुठल्याही ग्रीक ग्रंथात सापडत नाही. दुसरा तर्क ‘ग्नोमे’ म्हणजे बुद्धी, मत या शब्दाचा. तो आणखी कच्चा आहे. म्हणून जो कोश इथे ‘ग्रीकमधून’ एवढंच ठोकून देतो त्याच्यावर विश्वास कमी ठेवावा. ‘बहुधा’ म्हणणारा, किंवा ‘गेनोमोस’च्या आधी तारांकित खूण करणारा कोश बरा. कोशांच्या भाषेत ती खूण म्हणजे ‘हे रूप कुठे लिहिलेलं मिळालेलं नाही, अंदाजाने बांधलेलं आहे’.

बहुतेकांची सुरुवात इंग्रजी विक्शनरी या लोकांनीच मिळून लिहिलेल्या कोशापासून होते आणि तसं करण्यात काही गैर नाही. डिसेंबर २००२ पासून चालू असलेला हा कोश वापरायची रीत मात्र ठाऊक हवी. इंग्रजी शब्दाच्या पानावर दोन व्युत्पत्ती वेगवेगळ्या दिल्या आहेत: पहिली आपल्या बुटक्याची, दुसरी ‘सुभाषित, वचन’ या अर्थाच्या ग्रीक ‘ग्नोमे’ची. अनुवादांचे तक्ते त्या त्या अर्थाखाली मिटलेले असतात. ते उघडावे लागतात. तक्ता उघडण्याआधी त्याच्या डोक्यावरची अर्थाची ओळ वाचायची. घाईत चुकीचा तक्ता उघडला तर बुटक्याच्या जागी सुभाषिताचा शब्द हाती येतो, आणि दोन्ही इतके सारखे दिसतात की चूक पुढे कुणाच्याही नजरेत येत नाही. तक्त्याच्या तळाशी कधीकधी ‘तपासायचे अनुवाद’ असा वेगळा गट असतो. त्यातला शब्द थेट उचलू नये. लाल दुव्याचा अर्थ त्या शब्दाला अजून स्वतःचं पान नाही एवढाच आहे; शब्द चूक आहे असा नाही.

पण तक्त्यात मिळतं काय? शब्द, लिंग आणि फार तर लिप्यंतर. अनेकवचन नाही, आर्टिकल नाही, उच्चार नाही. इटालियन, स्पॅनिश, पोर्तुगीज, एस्पेरान्तो यांच्यापुढे एकच ‘जी-एन-ओ-एम-ओ’ उभं दिसतं आणि वाचणाऱ्याचा समज होतो की या चौघी एकच बोलतात. तक्त्यावर थांबू नये. त्या शब्दावर टिचकी मारून त्याच्या पानावर जावं. तिथे इंग्रजीनंतर भाषा वर्णानुक्रमाने एकाखाली एक येतात. आपल्या भाषेचा विभाग गाठायचा आणि त्याच्या वरचं-खालचं काही वाचायचं नाही. मोठ्या रोमान्स भाषांसाठी इथे उच्चार आणि अनेकवचन चांगलं मिळतं. रचित भाषांच्या विभागात मात्र बऱ्याचदा एकच ओळ असते. विक्शनरीची एक खास सोय आहे: किविक्स हे ॲप घेऊन ती पूर्ण उतरवून ठेवता येते आणि जाळं नसतानाही चालते. गावाकडे किंवा प्रवासात काम करणाऱ्याला ही मोठी गोष्ट आहे. आमच्या मते विक्शनरी हा वेशीवरचा जाणता माणूस आहे. कुठल्या आळीत जायचं ते तो अचूक सांगतो. घरातलं विचारायचं तर त्या घरीच जायला हवं.

शोधयंत्रात नुसता शब्द टाकून बघणाऱ्यांसाठी एक सूचना. पहिल्या पानावर लिनक्सवरचं त्याच नावाचं डेस्कटॉप येतं, कारण १९९७ पासून तो प्रकल्प हेच नाव वापरतो. शोधताना भाषेचं नाव किंवा ‘कोश’ या अर्थाचा त्या भाषेतला शब्द जोडला की ही गर्दी हटते.

फ्रेंचसाठी ‘त्रेझोर द ला लांग फ्रॉंसेझ’. छापील सोळा खंड १९७१ ते १९९४ या काळात निघाले. आता सगळं मोफत, नॉन्सी शहरातल्या संशोधकांच्या सीएनआरटीएल या संकेतस्थळावर आहे. एक लाख शब्द, २ लाख ७० हजार व्याख्या, ४ लाख ३० हजार उदाहरणं. पान उघडलं की वर टॅबची रांग दिसते. ‘लेक्सिकोग्राफी’ टॅबमध्ये अर्थ आणि साहित्यातली उदाहरणं, ‘एतिमोलोजी’मध्ये शब्दाचा इतिहास. उच्चार मात्र वर नाही, नोंदीच्या शेवटी बारीक अक्षरांत आहे, आणि पुष्कळ जण तिथवर पोचतच नाहीत.

ग्नोमच्या बाबतीत तो उच्चार वाचलाच पाहिजे. फ्रेंचमध्ये शब्दाच्या मधला ‘जी-एन’ म्हणजे आपला ‘न्य’. कोन्याक हे नाव आपण तसंच उच्चारतो. शब्दाच्या सुरुवातीलाही तो ‘न्य’ होऊ शकतो: घरगुती गावठी दारूला फ्रेंचमध्ये ‘न्योल’ म्हणतात, आणि इटलीहून आलेल्या बटाट्याच्या पिठाळ गोळ्यांना ‘न्योकी’. या दोघांची स्पेलिंगं जी-एन पासूनच सुरू होतात. पण ग्नोम हा पंडिती वाटेने आलेला शब्द, म्हणून त्यात ग वेगळा आणि न वेगळा: ‘ग्नोम’. नियम पाठ करून हे कळत नाही, कोशच लागतो. अनेकवचनात शेवटी एस येतो पण ऐकू येत नाही. एक आणि अनेक यांचा फरक आर्टिकलवरून करायचा. या कोशात ‘ग्नोमीद’ हे स्त्रीलिंगी रूपही मिळतं, म्हणजे ग्नोमची बायको किंवा ग्नोमकुळातली बाई. छोट्या द्विभाषिक कोशांत ते शोधून सापडत नाही.

या कोशाची मर्यादा म्हणजे तो बंद झालेला ग्रंथ आहे. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकातली भाषा त्याने टिपली आणि तिथे तो थांबला. आजचं बोलणं हवं असेल तर फ्रेंच अकादमीच्या कोशाचं संकेतस्थळ जोडीला ठेवावं. त्याची नववी आवृत्ती २०२४ मध्ये पूर्ण झाली, आणि १६९४ पासूनच्या जुन्या आवृत्त्याही तिथेच वाचता येतात. एखादा शब्द कोणत्या आवृत्तीत शिरला आणि त्याचा अर्थ कसा सरकत गेला हे पाहायचं असेल तर याहून सोपी जागा नाही. तरीही एकच फ्रेंच कोश निवडायचा झाला, तर ‘त्रेझोर’.

इटालियनकडे वळलं की ‘न्य’चा प्रश्नच उरत नाही. लझान्या म्हणणाऱ्याला ‘न्योमो’ म्हणता येतोच. (जाता जाता: आपल्या ‘ज्ञ’मध्ये लिहिलेला ञ तो नेमका हाच आवाज. मराठीत आपण तो ‘द्न्य’ करून बोलतो, इटालियन लोक आजही निखळ ठेवतात.) अडचण येते ती आर्टिकलची. बहुतेक पुल्लिंगी नामांना ‘इल’ लागतं. पण जी-एन, झेड, पी-एस किंवा एस अधिक व्यंजन यांनी सुरू होणाऱ्या नामांना ‘लो’. म्हणून ‘लो न्योमो’, ‘उनो न्योमो’, अनेकवचनात ‘ल्यी न्योमी’, आणि ‘न्योमोचा’ म्हणायचं तर ‘देल्लो न्योमो’. शिकणारे हमखास ‘इल न्योमो’ लिहितात. त्रेक्कानी या विश्वकोश-संस्थेचा ‘वोकाबोलारियो’ या कामाला उत्तम आहे. फक्त तिथे शोध घेतला की विश्वकोशाची पानं, समानार्थी शब्दांची पानं आणि कोशाची नोंद सगळं एकत्र समोर येतं. त्यातून ‘वोकाबोलारियो’ लिहिलेली नोंद उघडायची. नोंदीच्या मथळ्यात पहिल्या ‘ओ’वर तिरकी मात्रा दिसते. ती ‘ओ’ मोकळा, म्हणजे ‘ऑ’कडे झुकणारा आहे हे सांगण्यासाठी आहे. नेहमीच्या लिखाणात ती द्यायची नसते. अनुवादाच्या तळटिपांत ती मात्रा जशीच्या तशी उतरवलेली दिसली, की कोश कसा वाचायचा हे ठाऊक नसल्याचं लगेच उघड होतं.

स्पॅनिशमध्ये गंमत वेगळी. ग लिहितात पण बोलत नाहीत, उच्चार ‘नोमो’. आणि रेआल अकादेमिया या स्पेनच्या भाषा-अकादमीच्या नियमानुसार तो ग लिहिलाच पाहिजे असंही नाही: पाच अक्षरी आणि चार अक्षरी, दोन्ही लेखनं ग्राह्य. सुशिक्षित लेखनात अजून ग असलेलंच रूप अधिक चालतं. अकादमीच्या कोशाची २३ वी आवृत्ती २०१४ ची आहे, पण ऑनलाइन पाठ दरवर्षी सुधारला जातो. नोंदीत आधी भूमीचं भूत, मग खाणीतल्या धातूच्या शिरा राखणारा बुटका आणि शेवटी मुलांच्या गोष्टींतला छोटा जीव, असा अर्थाचा उतार दिलेला आहे. शब्द गूढविद्येच्या पोथीतून पाळणाघरात कसा आला ते दोन ओळींत कळतं. थोडक्यात नेमकं सांगण्यात या नोंदीला तोड नाही. ‘दोन्हींतलं कोणतं लिहू’ या प्रश्नाचं उत्तर मात्र कोशात शोधत बसू नये. त्यासाठी त्याच अकादमीचा शंकानिरसन कोश आहे, पहिली आवृत्ती २००५ ची, तोही मोफत. प्रत्यक्ष कामात चूक होते ती एकाच पुस्तकात दोन्ही रूपं मिसळण्याची. शब्दसूची वर्णानुक्रमाने लावायची असेल तर हा शब्द जी खाली की एन खाली, हे पहिल्याच दिवशी ठरवून टाकावं. शब्दकोड्यात तर पाच घरं की चार घरं, सगळं त्यावरच अवलंबून.

पोर्तुगीजमध्ये ‘न्य’ लिहायला एन-एच वापरतात. गोव्यातलं नोरोन्हा हे आडनाव आपण ‘न्हा’ करून वाचतो, ते मुळात ‘नोरोन्या’. म्हणजे जी-एन दिसलं की तिथे ग आणि न वेगळे: ‘ग्नोमु’. ब्राझीलमध्ये ही जोडाक्षरं जिभेवर येत नाहीत म्हणून मध्ये ‘इ’ शिरतो आणि ‘गिनोमु’ ऐकू येतं, जसं टायरसाठीच्या शब्दाचं ‘पिनेउ’ होतं. आपल्याकडे स्कूलचं इस्कूल होतं, त्याच गरजेतून. प्रिबेरां या कोशात पोर्तुगालचं की ब्राझीलचं पोर्तुगीज, आणि १९९० च्या लेखनकराराआधीचं की नंतरचं, हे निवडता येतं. ग्नोमच्या लेखनाला त्याने फरक पडत नाही, पण सुभाषिताशी संबंधित विशेषण शोधाल तर मधल्या ‘ओ’वरचं चिन्ह दोन देशांत वेगळं निघतं. ते आधी निवडून घ्यावं.

स्पेनच्या ईशान्य भागातल्या कातालान भाषेबद्दल थोडक्यात: शब्द ‘ग्नोम’ असा शेवटच्या स्वराविना लिहितात, अनेकवचनाला एस. कातालान अभ्यास संस्थेचा कोश अधिकृत लेखन आणि अर्थ देतो, व्युत्पत्ती देत नाही. ती हवी असेल तर कातालान विश्वकोशवाल्यांचा मोठा कोश उघडावा.

रोमानियनचा डेक्सऑनलाइन हा या सगळ्यांत आमचा सर्वांत आवडता. मराठीत बृहद्कोशावर जसे अनेक जुने-नवे कोश एकाच शोधात समोर येतात, तसाच हा २००१ पासून चालू आहे. त्याची माहिती खुली आहे आणि शोधताना विशेष चिन्हं टाकली नाहीत तरी चालतं. पहिल्यांदा पान उघडणारा गोंधळतो, कारण एकच व्याख्या पाच-सहा कोशांतून जराशा फरकाने पुन्हा पुन्हा येते. त्या वाचत बसू नये. एकच वाचावी, व्युत्पत्तीची ‘फ्रेंचमधून’ ही नोंद पाहावी आणि मग रूपांच्या तक्त्याकडे जावं. या कोशाची खरी दौलत तिथे आहे.

रोमानियनमध्ये निश्चयी आर्टिकल नामाच्या शेवटाला चिकटतं. एकवचन ‘ग्नोम’, ‘तो ग्नोम’ म्हणायचं तर ‘ग्नोमुल’. अनेकवचनात एक आय, ‘ते ग्नोम’ म्हणताना दोन आय. षष्ठी आणि चतुर्थी एकाच रूपाने भागते: ‘ग्नोमुलुइ’, अनेकवचनी ‘ग्नोमिलोर’. संबोधनही स्वतंत्र आहे, ‘ग्नोमुले!’, आपण ‘अरे मुला’ म्हणतो तसं. अनेकवचनी संबोधन पुन्हा ‘ग्नोमिलोर’, म्हणजे तेच रूप संदर्भानुसार ‘ग्नोमांचं’, ‘ग्नोमांना’ किंवा ‘अहो ग्नोमांनो’. विभक्त्यांची सवय असलेल्या मराठी माणसाला हा तक्ता फ्रेंच व्याकरणापेक्षा लवकर कळतो. चूक होते ती एक आय की दोन आय यात. मुलांच्या पुस्तकाच्या शीर्षकात ‘ग्नोम’ आणि ‘ते ग्नोम’ यांत फरक त्या एका अक्षराचाच असतो, आणि विक्शनरीच्या अनुवाद-तक्त्यात तो दिसतही नाही.

आता रचित भाषा. इथे एस्पेरान्तो, इदो, इंटरलिंग्वा आणि इटालियन गणितज्ञ पेआनोची विभक्तिहीन लॅटिन या चौघीही एकच रूप देतात: ‘ग्नोमो’. पण त्या शेवटच्या ‘ओ’ची कामं सारखी नाहीत. चांगला कोश आणि नुसती शब्दयादी यांतला फरक नेमका याच अक्षरावर उघडा पडतो.

एस्पेरान्तो १८८७ ची. तिच्यात धातू ‘ग्नोम’, आणि ‘ओ’ हा ‘मी नाम आहे’ असं सांगणारा प्रत्यय. तो काढून ‘आ’ लावला की विशेषण, ‘ग्नोमा’, कोशात असो वा नसो. अनेकवचन ‘ग्नोमोय’, ‘इन’ घालून ‘ग्नोमिनो’ म्हणजे मादी. प्लेना इलुस्त्रिता वोर्तारो हा प्रमाण कोश १९७० मध्ये छापला गेला, २००२ मध्ये नव्याने आला आणि २०१२ पासून ऑनलाइन आहे. त्यात मथळ्याचा धातू आणि प्रत्यय रेघेने वेगळे केलेले असतात. साधित शब्द धातूच्याच नोंदीखाली शोधायचे. ‘ग्नोमिनो’ वेगळ्या नोंदीत मिळाला नाही म्हणून शब्दच नाही असं समजू नये. अर्थ फक्त एस्पेरान्तोत, तेव्हा सुरुवात करणाऱ्याने १९९७ पासून चालू असलेला रेता वोर्तारो आधी उघडावा. तो नोंदीखाली अनेक भाषांतले प्रतिशब्द देतो.

एस्पेरान्तोत कर्माला शेवटी न लागतो. ‘मला ग्नोम दिसतो’ म्हणायचं तर ‘मी विदास ग्नोमोन’. आणि इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिशमध्ये ‘ग्नोमोन’ म्हणजे सूर्यघड्याळाचा उभा काटा. आपल्या जुन्या ज्योतिषातला शंकू, बारा अंगुळं उंचीचा. एस्पेरान्तोत त्या शंकूला ‘ग्नोमोनो’ म्हणतात. मजकुरात ‘ग्नोमोन’ दिसलं की आधी ते कर्म आहे का ते बघायचं. कोशात शोधताना शेवटचा न काढून शोधायचं. यंत्राने शब्दांची वारंवारता मोजणाऱ्यांनी तर हे आधीच वेगळं करून ठेवावं, नाहीतर बुटके आणि शंकू एकाच खात्यात जमा होतात.

इदो ही १९०७ मध्ये एस्पेरान्तो सुधारून केलेली. ‘ओ’ इथेही नामाचा प्रत्यय आहे, पण अनेकवचनात तो जातो आणि ‘इ’ येतो. अगदी सुरुवातीला म्हटलेलं ‘ग्नोमी’ ते हेच. कर्माचा न फक्त कर्म कर्त्याच्या आधी आलं तरच लागतो, म्हणून ‘ग्नोमोन’चा घोटाळा इथे क्वचितच होतो. लिंग सांगायचं झालं तर नर ‘ग्नोमुलो’, मादी ‘ग्नोमिनो’, आणि नुसता ‘ग्नोमो’ दोघांसाठीही. या भाषेचा १९२४ चा डायरकृत इदो-इंग्रजी कोश अजूनही सर्वांत भरवशाचा. त्याच्या मांडणीत मूळ शब्दाखाली साधित शब्द ओळीत येतात, म्हणून शोधताना प्रत्यय सोडून पहिली चार अक्षरं टाकावीत.

इंटरलिंग्वाचा कोश १९५१ चा, सुमारे २७ हजार शब्दांचा. ही भाषा बनवताना कुणी शब्द घडवले नाहीत. इटालियन, फ्रेंच, इंग्रजी आणि स्पॅनिश-पोर्तुगीज मिळून एक, अशा चार स्रोतांपैकी किमान तिघांत असलेला शब्द घ्यायचा आणि त्यांच्या सामाईक पूर्वजाच्या रूपाजवळ न्यायचा, ही पद्धत. गरज पडली तर जर्मन आणि रशियनची साक्ष. ग्नोम चारही स्रोतांत आहे, त्यामुळे वादच नाही. मात्र इथला ‘ओ’ हा प्रत्यय नव्हे, शब्दाचाच भाग आहे. त्याच्या जागी ‘आ’ घालून विशेषण करता येत नाही. एस्पेरान्तोकडून इंटरलिंग्वाकडे आलेले ही चूक हटकून करतात. अनेकवचन एस लावून: ‘ग्नोमोस’.

पेआनोच्या १९०३ च्या विभक्तिहीन लॅटिनमध्ये नाम पंचमीच्या रूपात गोठवतात. ‘ग्नोमुस’ या शब्दाची षष्ठी ‘ई’कारान्त, म्हणून नियमाने ‘ग्नोमो’. कोश न उघडता, मूळ लॅटिन शब्दाचा गण ठाऊक असला की रूप मिळतं.

शब्दाच्या रूपांबद्दल इतकं. अर्थाच्या हद्दीबद्दल मात्र एकाही कोशाची नोंद पुरेशी स्पष्ट नाही, आणि तिथेच सर्वांत जास्त अनुवाद घसरतात. इंग्रजीत बागेत उभा केलेला लाल टोपीचा मातीचा पुतळा म्हणजे ‘गार्डन नोम’. तो फ्रेंचमध्ये ग्नोम नसतो. तो ‘नँ द जार्दँ’, बागेतला बुटका. इटालियनमध्ये ‘नानो दा ज्यार्दिनो’, पोर्तुगीजमध्ये ‘अनांव द जार्दीं’, कातालानमध्ये ‘नान’, रोमानियनमध्ये ‘पितिक दे ग्रदीना’. स्पॅनिशमध्ये ‘एनानो’ आणि ‘नोमो’ दोन्ही चालतात. रोमानियन सोडली तर हे सगळे लॅटिन ‘नानुस’ म्हणजे बुटका या शब्दाचे वंशज. १९९६ मध्ये फ्रान्सच्या आलांसों भागातून लोकांच्या बागांतले पुतळे पळवून ‘मुक्त’ करणाऱ्यांनी आपल्या आघाडीच्या नावातसुद्धा ग्नोम नाही, ‘नँ द जार्दँ’च घातलं. विक्शनरीत या जोडशब्दाचं वेगळं पान आहे. तेच उघडावं, दोन शब्दांचे सुटे अनुवाद जोडू नयेत.

शेजारचे जीवही वेगळे ठेवावेत. स्पॅनिश ‘दुएंदे’ हा घरातला, वस्तू लपवणारा. त्याचं मूळ ‘घराचा धनी’ या अर्थाच्या शब्दांत आहे. फ्रेंच ‘ल्युतँ’ खोडकर, आणि त्याचं नाव थेट समुद्रदेव नेपच्यूनपासून घासत घासत आलेलं. दोघांपैकी कुणीही खाणीतलं धन राखत नाही. आणि ‘ग्नोमिक’, फ्रेंच ‘ग्नोमीक’, स्पॅनिश ‘नोमिको’ ही विशेषणं बुटक्यांची नाहीतच. ती सुभाषितांची आहेत, ग्रीक ‘ग्नोमे’पासूनची, आपल्या ‘ज्ञा’ धातूची चुलत भावंडं. ‘सूर्य पूर्वेला उगवतो’ यातल्या वर्तमानकाळाला फ्रेंच व्याकरणात ‘ग्नोमीक’ म्हणतात. बुटक्याच्या टोपीला किंवा घराला हे विशेषण लावलेलं दिसलं, तर ते थेट खोडावं.

मराठीत आणताना काय करावं? दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश आणि मोल्सवर्थ, दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. पर्याय जोखायला त्यांचा आधार घ्यावा. ‘यक्ष’ धन राखतो, हे जुळतं, पण कुबेराचा सेवक म्हणून त्याच्याभोवती जे वैभव आहे ते खाणीतल्या मळकट जीवाला शोभत नाही. ‘खुजा’ माणसाला हिणवायला वापरतात. मुलांच्या पुस्तकात नको. कोकणातला ‘राखणदार’ कामाने जवळचा वाटतो, पण तो गावाचा आणि शिवेचा, लोक त्याला नारळ देतात, त्याच्यावर श्रद्धा ठेवतात; तो शब्द दुसऱ्याच्या गोष्टीत खर्च करू नये. आमच्या मते ‘ग्नोम’च ठेवावा आणि पहिल्या उल्लेखाला ‘भुईच्या पोटातला बुटका’ अशी जोड द्यावी. पुढे विभक्ती मराठी रीतीने: ग्नोमाने, ग्नोमांचं, ग्नोमांनो.

लिप्यंतर मूळ भाषेवरून करावं, इंग्रजी ‘नोम’वरून नव्हे. फ्रेंच किंवा रोमानियन गोष्ट असेल तर ग्नोम, स्पॅनिश असेल तर नोमो, इटालियन असेल तर न्योमो. ‘ञोमो’ शास्त्रशुद्ध असलं तरी शब्दारंभी ञ वाचायची सवय कुणालाच नाही, आणि मोठ्याने वाचून दाखवणारी आई तिथेच अडखळेल. एस्पेरान्तो, इदो आणि इंटरलिंग्वातून आणताना ‘ग्नोमो’ असा स्पष्ट ग, आघात ‘ग्नो’वर.